वास आला नाही गं...

१९९६ सालच्या डिसेंबरातली सकाळ. दहाला बँकेत पोचायचं म्हणून आतल्या खोलीचं दार लावून मी साडी नेसत होते. एवढ्यात शेजारच्या वहिनींनी आमचं दार बडवायला सुरुवात केली. त्यांनी बेल वाजवली नव्हती. त्यातलं शहाणपण मला नंतर कळलं. "अहो, गॅसचा वास येतोय तुमच्याकडून! आधी खिडक्या उघडा!" मी स्वयंपाकघरात धावले. सासूबाई ओट्याकडे पाठ करून पाटावर बसल्या होत्या आणि शांतपणे तांदूळ निवडत होत्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस मोकळा सुटला होता. बटण बंद केलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. जिवावरचं टळलं.

टळल्यावर माणसाला राग येतो, तसा मलाही आला. "आई, अहो, लक्ष कुठं होतं तुमचं?" त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, मला वास आला नाही गं." मी म्हटलं, "शेजारच्या वहिनींना त्यांच्या गॅलरीत आला, आणि तुम्हाला इथं बसून आला नाही? उद्यापासून गॅसला हात लावू नका तुम्ही." त्यांनी मान हलवली, निवडलेले तांदूळ डब्यात भरले आणि उठल्या. पंचेचाळीस वर्षांचा एका बाईचा कारभार मी त्या सकाळी दोन मिनिटांत काढून घेतला आणि नऊ-चाळीसची बस पकडली.

हा कारभार साधा नव्हता. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, अशी रीत. गौरीच्या दिवशी वीस-पंचवीस पानं वाढायची, पण देवाला दाखवल्याखेरीज जिभेवर कण ठेवायचा नाही. मग मीठ बरोबर पडलंय की नाही, पुरण पुरतं शिजलंय की नाही, हे कशावरून ठरवायचं? सासूबाई पातेल्यावरचं झाकण अर्धं उचलायच्या, वाफ एकदा नाकाशी घ्यायच्या आणि सांगायच्या, "चिमूटभर मीठ घाल." क्वचितच चुकायच्या. सगळे त्यांच्या हाताच्या चवीचं कौतुक करत. खरं कौतुक नाकाचं होतं, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या सकाळच्या आधीचं वर्ष-दीड वर्ष आठवलं, की आता सगळं स्वच्छ दिसतं. खीर खालून लागलेली आणि तशीच वाढलेली. आंबलेली आमटी पुन्हा उकळून पानात आलेली. मिठाचा हात सुटलेला. डोक्याला लावायच्या तेलाला खवट वास यायला लागलेला. एका गौरीजेवणात तर पाहुण्यांतल्या कुणीतरी "आता काकूंचं वय झालं" असं हळूच म्हटलंही. घरात आम्ही याची तीन कारणं ठरवून टाकली होती. कधी म्हणायचो, लक्ष नसतं. कधी, हट्टीपणा वाढलाय. फारच मायेनं बोलायचं झालं तर, विसरायला लागल्यात. त्यांचं नाक अधू झालं असेल, हे चौथं कारण आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तरीही नाही. आम्हाला ती सबब वाटली.

बँकेत मी अगदी उलट वागत होते, याची मला आज लाज वाटते. दर नोव्हेंबरात हयातीचे दाखले द्यायला पेन्शनर मंडळी यायची. म्हाताऱ्या माणसांच्या सह्या जुळत नाहीत. हात थरथरतो, अक्षर बदलतं, वेलांटी भलतीकडेच जाते. काउंटरवरचा नवा मुलगा फॉर्म परत करायला निघाला, की मी त्याला थांबवायची. "अरे, माणूस तोच आहे, हात बदललाय. नवीन नमुना सही घे." कार्ड काढून, समोर बसवून, धीर देऊन आम्ही नव्या सहीचे नमुने घ्यायचो. जुनी सही जुळत नाही म्हणून कुणाला लबाड ठरवायचं नाही, एवढं भान त्या खुर्चीनं मला दिलं होतं. घरातल्या बाईचा स्वयंपाक जुन्या चवीशी जुळेना, तेव्हा मात्र नवा नमुना घ्यायचं मला सुचलं नाही.

हा नमुना घेता येतो. तेव्हाही घेता येत होता. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डॉटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ सालीच गंध ओळखण्याची एक चाचणी तयार केली होती. तिचं रूप अगदी साधं. प्रत्येकी दहा पानांच्या चार पुस्तिका. प्रत्येक पानावर एक पट्टी. ती पेन्सिलीच्या टोकानं खरवडली, की आत कोंडलेला गंध बाहेर येतो. तो हुंगायचा आणि दिलेल्या चार पर्यायांतून एकावर खूण करायची. चाळीस गंध, चाळीस गुण. त्याच वर्षी त्यांनी एक हजार नऊशे पंचावन्न माणसांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पासष्ट ते ऐंशी या वयातल्या निम्म्याहून अधिक माणसांची वास घेण्याची शक्ती बरीच उणावलेली आढळली. ऐंशीच्या पुढे हे प्रमाण तीन-चतुर्थांशावर गेलं. आणखी एक गोष्ट दिसली. सर्व वयांत बायकांचं नाक पुरुषांपेक्षा सरस ठरलं.

चष्मा लागला की माणसाला कळतं, कमी ऐकू यायला लागलं की निदान घरच्यांना तरी कळतं. नाकाचं तसं नाही. ते इतकं हळूहळू जातं, की ज्याचं जातं त्याला पत्ता लागत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बीव्हर डॅम नावाचं गाव आहे. तिथं त्रेपन्न ते सत्त्याण्णव वयाच्या सुमारे अडीच हजार लोकांची नाकं तपासली गेली. २००२ साली प्रसिद्ध झालेले त्याचे आकडे पाहा. चाचणीत सुमारे साडेचोवीस टक्के लोकांचं नाक अधू निघालं. आपल्याला वास कमी येतो, असं आपण होऊन सांगणारे मात्र साडेनऊ टक्केच होते. ऐंशीच्या पुढच्या गटात तर दर शंभरांत बासष्ट-त्रेसष्ट जणांचं नाक अधू होतं. वय जितकं जास्त, तितका स्वतःच्या नाकाबद्दलचा अंदाज अधिक चुकीचा. म्हणजे "मला येतो की वास!" या उत्तरावर विसंबून चालत नाही. तपासूनच पाहावं लागतं.

असं का होतं, हेही समजून घ्यायला हवं. नाकाच्या अगदी वरच्या भागात, दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीवर, गंध टिपणारा एक लहानसा पडदा असतो. त्यातल्या पेशींवर सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांमागची जनुकं १९९१ मध्ये शोधून काढणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पडद्यातल्या पेशींचे धागे हाडाच्या एका चाळणीतून थेट मेंदूकडे जातात. या पेशी आयुष्यभर मरतात आणि नव्यानं तयार होतात. वय वाढलं की हे नवं होणं मंदावतं. त्यात जुनी सर्दी, नाकात वाढलेलं मांस, डोक्याला लागलेला मार, काही औषधं यांची भर पडते. २०२० नंतर करोनानं तर वास जाणं म्हणजे काय, हे तरुणांनाही दाखवून दिलं.

मला या चाचणीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चार पर्यायांची युक्ती. म्हातारपणी नाव आठवायला वेळ लागतो. हा वास ओळखीचा आहे, पण कशाचा ते ओठांवर येत नाही, अशी गत होते. पर्याय समोर असले, की आठवणीवरचं ओझं हलकं होतं आणि परीक्षा बरीचशी नाकाचीच होते. शिवाय ज्याला अजिबात वास येत नाही, त्यानं डोळे मिटून खुणा केल्या तरी चाळिसांतली दहाएक उत्तरं बरोबर येणारच. कुणी सोंग करून मुद्दाम चुकीची उत्तरं देऊ लागला, तर त्याचे गुण दहाच्याही फार खाली जातात आणि सोंग उघडं पडतं. सासूबाई सबब सांगत होत्या की खरं, याचा निकाल वीस मिनिटांत लागला असता. मी तो न तपासताच लावला.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी देशभरातल्या सत्तावन्न ते पंच्याऐंशी वयाच्या तीन हजार पाच लोकांना पाच वास दिले होते: गुलाब, संत्रं, मासळी, पुदिन्याच्या जातीचं पेपरमिंट आणि चामडं. जयंत पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीत पार नापास झालेल्यांपैकी एकोणचाळीस टक्के पाच वर्षांच्या आत वारले होते, मधल्यांपैकी एकोणीस टक्के आणि चांगलं नाक असलेल्यांपैकी दहा टक्के. हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. वास न येण्यानं माणूस मरत नाही. शरीराची झीज भरून येण्याची ताकद ओसरत चालली, की तिची चाहूल नाकाला आधी लागत असावी, एवढाच त्याचा अर्थ. कंपवात आणि स्मृतिभ्रंश या दोन्ही विकारांत पुष्कळदा नाक आधी मंदावतं. पण नाक मंदावलेल्या प्रत्येकाला हे विकार होतात, असं मुळीच नाही.

याच तीन हजार लोकांच्या माहितीतून २०१७ मध्ये आणखी एक निष्कर्ष पुढं आला आणि तो मला अधिक लागला. ज्या वयस्क बायकांचं नाक चांगलं, त्यांचं जाणं-येणं, मैत्रिणी, गाठीभेटी अधिक. ज्यांचं अधू, त्यांचा गोतावळा लहान. पुरुषांत मात्र हा संबंध दिसला नाही. आधी वास जातो आणि मग माणसं तुटतात, की आधी माणसं तुटतात, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. मला माझ्या घरातलं तेवढं ठाऊक आहे. गॅस हातातून गेल्यावर सासूबाईंनी हळदीकुंकवाला जाणं कमी केलं. आपल्या अंगाला, लुगड्याला वास तर येत नसेल ना, अशी शंका त्यांना सारखी यायची. दिवसातून दोनदा अंघोळ करायच्या. त्यालाही आम्ही विक्षिप्तपणा म्हणालो.

परदेशातली चाचणी आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. चाळीस गंधांत असे कितीतरी वास आहेत, जे आपल्याकडच्या आजीनं जन्मात घेतलेले नाहीत. न पाहिलेल्या पदार्थाचं नाव तिनं कसं सांगावं? म्हणून भारतीय नाकांच्या ओळखीचे गंध घेऊन आपल्याकडेही चाचणी तयार झाली आणि कंपवाताच्या रुग्णांवर ती वापरल्याचा वृत्तांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, पुण्याच्या आयसर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांच्या मदतीनं वास मोजायचं एक यंत्रच बनवलं. ज्यांना काही लक्षण नव्हतं, अशा कित्येक बाधितांचं नाक मंदावल्याचं त्यात आढळलं आणि त्यातल्या बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती. हे काम आपल्या अंगणात होत आहे. दवाखान्यात मात्र रक्तदाब, साखर, डोळे, कान तपासून आजीला घरी पाठवलं जातं आणि वास येतो का, हे सहसा कुणी विचारत नाही.

या विषयातली एक हकिकत सांगितल्याखेरीज राहवत नाही. स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या जॉय मिल्न या पेशानं परिचारिका. नवऱ्याच्या अंगाचा वास बदललाय, असं त्यांना तो तिशीत असतानाच जाणवलं होतं. बारा वर्षांनी त्याला कंपवाताचं निदान झालं. पुढं रुग्णांच्या एका मेळाव्यात गेल्या, तर तिथं तोच वास! २०१२ च्या सुमारास त्यांनी एडिंबरोतल्या एका शास्त्रज्ञाला भर सभेत विचारलं, की या रोगाच्या वासाचा तुम्ही उपयोग का करत नाही? त्या वेळी प्रश्न बाजूला पडला. नंतर त्याच शास्त्रज्ञानं त्यांना बोलावून घेतलं आणि बारा जणांनी घातलेले बारा टी-शर्ट हुंगायला दिले. त्यांतले सहा रुग्णांचे होते, सहा निरोगी माणसांचे. साठी ओलांडलेल्या या बाईंनी सहाही रुग्ण अचूक ओळखले. फक्त एका निरोगी माणसाला त्यांनी रुग्ण ठरवलं. काही महिन्यांनी त्या माणसालाही कंपवाताचं निदान झालं. त्यांची ती चूकही चूक नव्हती. २०१९ मध्ये मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी त्या वासामागची रसायनंही प्रसिद्ध केली.

जॉयबाई म्हणत होत्या, मला वास येतो. माझ्या सासूबाई म्हणत होत्या, मला वास येत नाही. दोघी आपापल्या नाकाबद्दल खरं तेच सांगत होत्या. एकीचं म्हणणं कुणीतरी बसून तपासलं आणि शास्त्राची एक नवी वाट उघडली. दुसरीचं कुणी तपासलं नाही. वयस्क बायकांच्या नाकाची तपासणी करायची ती का, याचं माझं उत्तर एवढंच आहे. तिच्या शब्दाची शहानिशा करणं म्हणजे तिचा शब्द किमतीचा मानणं.

गेल्या दिवाळीत नातीनं माझी परीक्षा घेतली. माझे डोळे बांधून तिनं लहान डब्या नाकाशी धरल्या आणि दर वेळी चार नावं घेतली. कॉफी ओळखली, लवंग ओळखली, खोबरेल ओळखलं, अंगाचा साबण ओळखला, हिंगाला तर पर्यायही लागले नाहीत. ओव्याला मात्र मी बेधडक जिरं म्हटलं. "आजी, तू एका मार्कानं घसरलीस," ती म्हणाली. हसण्यावारी नेलं, पण रात्री उठून ओव्याची बरणी पुन्हा हुंगून आले.

घरी असा खेळ करायला हरकत नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. बाम, कापूर, नवसागर असल्या झोंबणाऱ्या वस्तू वापरू नयेत. त्यांचा झणका चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या वेगळ्याच नसेला कळतो. ज्याला कशाचाही वास येत नाही, त्यालाही बाम झोंबतो आणि सगळे समजतात, की नाक ठणठणीत आहे. दुसरं म्हणजे, या खेळाला निदान समजू नये. ओळखीचे वास चुकायला लागले, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. साधं सायनसचं दुखणं किंवा वाढलेलं मांस निघालं, तर उपचार आहेत. २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ बारा आठवडे घ्यायला लावून पाहिलं, तेव्हा काही जणांत सुधारणाही दिसली. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण लवंग काही महाग औषध नव्हे.

आणि नाक परत येणारच नसेल, तर घरानं स्वतःला बदलावं. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र रसायन मुद्दाम मिसळतात. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत बिनवासाच्या गॅसचा स्फोट झाला, जवळजवळ तीनशे माणसं गेली आणि त्यांत बहुतेक मुलं होती. त्यानंतर तिथं गॅसला वास देण्याचे कायदे झाले. पण सुरक्षिततेचा हा सगळा डोलारा शेवटी एका नाकावर उभा आहे. ते नाक मंदावलं असेल, तर गळती झाल्यावर शिटी वाजवणारं यंत्र मिळतं, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळते. डब्यांवर तारखा लिहिता येतात. मिठाचा चमचा ठरवता येतो. दूध नासलंय का, हे दुसऱ्या कुणी हुंगून सांगता येतं. मी १९९६ मध्ये केलं ते, म्हणजे ओटाच काढून घेणं, हा सगळ्यात सोपा उपाय होता आणि सगळ्यात क्रूर.

सासूबाई त्यानंतर आठ वर्षं होत्या. मी संध्याकाळी बँकेतून येऊन फोडणी टाकली, की त्या दारापाशी येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "खमंग झाली का गं?" रोज विचारायच्या. मला वाटायचं, आपल्या स्वयंपाकाची परीक्षा चाललीय. मी तुटकपणे "झाली" म्हणायची. त्यांना फोडणीचा वास येत नव्हता आणि तो कसा आहे, हे त्या मला विचारत होत्या, एवढं समजायला मला माझी ओव्याची बरणी चुकावी लागली. आज रविवार आहे. घरात आई असेल, सासू असेल, आजी असेल, तर चहा उकळत असताना तिला विचारा, आल्याचा वास येतोय का. आणि नाही म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा.